केडगावच्या पंडिता रमाबाई

शाळेत आपल्यासाठी पंडिता रमाबाई म्हणजे ‘जोड्या लावा’मधलं एक नाव होतं. रमाबाईंसमोर शारदा सदन लिहायचं, गुण मिळवायचा, पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. पुण्यात नोकरीला आल्यावर मी त्यांचं चरित्र सवडीने वाचलं. त्यातली एक गोष्ट मला स्मरणिकेत सांगाविशी वाटली. या बाईंचं प्रेम एकदम मोठं झालं नाही, ते टप्प्याटप्प्याने वाढलं.

त्यांचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थयात्रेत लहानपण गेलं, संस्कृत आईने शिकवलं. 1874 च्या दुष्काळात आईवडील गेले, मागोमाग बहीण, पुढे भाऊ. 1880 मध्ये लग्न झालं आणि 1882 मध्ये पतीही गेले. पंचविशीच्या आत सगळं माणूसबळ संपलं, पदरात तेवढी छोटी मनोरमा राहिली.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथल्या ख्रिस्ती भगिनी समाजाने टाकलेल्या बायकांना मायेने सांभाळत होत्या. ते पाहून रमाबाई हलल्या. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ख्रिस्त आधी बुद्धीला पटला होता. तो मनात उतरायला आणखी सुमारे आठ वर्षं लागली, असं त्यांनीच पुढे नमूद केलं आहे.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, ते मुख्यतः उच्चवर्णीय बालविधवांसाठी. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत देवरुखची गोदूबाई होती. तेव्हा आपलं मालवणही रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, म्हणजे ती आपल्याच जिल्ह्यातली! 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. ती हिंदूच राहिली आणि पुढे कर्व्यांच्या कामात उभी राहिली.

त्याच वर्षी सदनावरून पुण्यात मोठा वाद पेटला. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असं ठरलं होतं, आणि रमाबाईंच्या खोलीतल्या प्रार्थनेला मुली येऊन बसत होत्या. रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वासाने मुली पाठवणाऱ्यांचं दुखावणं मला समजतं. प्रार्थनेच्या वेळी दार लावून घेणं रमाबाईंना का जमलं नाही, तेही समजतं.

एवढी माणसं तुटल्यावर एखादी बाई आपल्यापुरती राहिली असती. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. उपासमारीने आपलं घर गेलेलं त्यांनी सोसलं होतं. आता जात विचारायचं कारणच उरलं नाही. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतावर बिऱ्हाड हललं. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं, अंधांना मनोरमा ब्रेल शिकवू लागली. शेती, विणकाम, छपाई हे सगळं बायका करत. दोन हजारांच्या घरात माणसं तिथे जेवत होती.

साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणायचं, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, तोवर काम थांबलं नव्हतं. मुक्ती मिशन आजही चालू आहे.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या बॅचच्या ग्रुपवर शाळेच्या निधीची चर्चा चालू आहे. प्रयोगशाळा, रंगकाम, कमान सगळं व्हावं. पण दहावीनंतर परिस्थितीमुळे शिक्षण सुटणाऱ्या मुली आजही आपल्या आसपासच्या वाड्यांत आहेत, आणि त्या सगळ्या आपल्या शाळेच्या नाहीत. निधीतला एक वाटा त्यांच्यासाठी ठेवावा, शाळा न विचारता. स्नेहमेळाव्यात मी हा विषय मांडणार आहे.