विहिरीवरच्या मोटारीला थ्री फेजच का लागते? उत्तर टेस्लाच्या आयुष्यात आहे

देवगाव रंगारी असो की कन्नड तालुक्यातलं दुसरं कुठलं गाव, शेतकऱ्याचा एक प्रश्न ठरलेला असतो. थ्री फेज लाईट कधी येणार? घरातला बल्ब सिंगल फेजवर लागतो, पण विहिरीवरच्या बहुतेक मोटारींना थ्री फेजच लागते. असं का, हे समजून घ्यायचं तर निकोला टेस्ला समजून घ्यावा लागतो.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा, आजच्या क्रोएशियातल्या स्मिल्यान गावातला. वडील धर्मगुरू. पोरानेही तेच करावं अशी त्यांची इच्छा, पण पोरगं इंजिनिअरिंगला गेलं आणि डिग्री न घेताच बाहेर पडलं. १८८४ ला तो अमेरिकेत आला, एडिसनच्या कंपनीत लागला आणि काही महिन्यांतच नोकरी सोडली. पुढे पोटासाठी खड्डे खणायची वेळ त्याच्यावर आली.

एडिसनची वीज होती डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. ती दीड-दोन किलोमीटरच्या पुढे नेणं परवडायचं नाही. एसीची दिशा मात्र सतत उलटसुलट होते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरने तिचा दाब वाढवता येतो. दाब वाढला की तारेत वीज कमी वाया जाते. गावातली डीपी याच्या उलटं काम करते. ११ हजार व्होल्टचा दाब उतरवून ती मोटारीला वीज देते.

एसीवर बल्ब लागायचे, पण कामाची मोटार नव्हती. ही गाठ टेस्लाने सोडवली. एकामागून एक येणाऱ्या एसीच्या लाटांनी त्याने फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार केलं आणि त्यामागे मोटार फिरू लागली. एकट्या फेजवर असं क्षेत्र आपोआप तयार होत नाही, म्हणून मोटारीला जास्त फेज लागतात. १८८८ ला पेटंट मिळालं आणि जॉर्ज वेस्टिंगहाऊसने ते वापरायला घेतलं. थ्री फेजचं आजचं रूप पुढे इतरांनी घडवलं, तत्त्व तेच राहिलं.

सोशल मीडियावर हे भांडण एडिसन विरुद्ध टेस्ला असं रंगवलं जातं. खरी लढाई एडिसन आणि वेस्टिंगहाऊस यांच्या कंपन्यांची होती. एसी जीवघेणी आहे हे दाखवायला लोकांसमोर जनावरं मारली गेली. तरी १८९३ ला शिकागोचं जागतिक प्रदर्शन एसीने उजळलं आणि १८९६ ला नायगाराची वीज बफेलो शहरात पोहोचली. एसी जिंकली.

टेस्लाच्या हाती मात्र फार काही उरलं नाही. वेस्टिंगहाऊसची कंपनी अडचणीत आली तेव्हा त्याने मोटारीवरची रॉयल्टी सोडून दिली होती. ७ जानेवारी १९४३ ला न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या खोलीत तो एकटाच गेला.

आणि हरलेली डीसी? शेतातल्या सोलर पॅनलमधून निघते ती डीसीच. इलेक्ट्रॉनिक्समुळे आता डीसीचाही दाब वाढवता येतो, म्हणून चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ५०० केव्हीची डीसी लाईन टाकली आहे. ज्या अंतराने डीसीला हरवलं, तेच अंतर ती आज कापते.