भिंतीवर पेटंटचे चित्र लावताय? मग शंकर आबाजी भिसे यांची गोष्ट वाचाच

शिलाई मशीन, सेफ्टी पिन, पाण्याचा नळ, कॉफीचे भांडे. शंभर वर्षांपूर्वीच्या या वस्तूंचे पेटंट आराखडे फ्रेम करून हॉलमध्ये, स्वयंपाकघरात लावण्याची हौस सध्या वाढते आहे. पांढऱ्या कागदावर काळ्या रेषा आणि प्रत्येक भागाला दिलेला आकडा. बुलढाणा किंवा खामगावच्या कोणत्याही फ्रेमवाल्याकडे असा प्रिंट तासाभरात तयार होतो. पण अशा आराखड्यांवर उभे आयुष्य काढलेला एक मराठी माणूस होता, हे अनेकांना माहीत नसते.

हे आराखडे इतके देखणे का?

अमेरिकन पेटंट कार्यालयाचे नियमच कडक होते. ठरलेल्या मापाचा जाड पांढरा कागद, काळी शाई आणि डावीकडून वरून उजेड पडतोय असे धरून केलेली छटा. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगची शीट पुन्हा पुन्हा खोडलेल्या माझ्यासारख्याला यामागची मेहनत लगेच कळते. सजावट हा मात्र उद्देश नव्हता. पेटंट हा सौदा आहे: शोधकाने यंत्राचे गुपित उघड करायचे, बदल्यात ठरावीक वर्षे त्यावर फक्त त्याचा हक्क. ब्रिटनमध्ये तेव्हा ही मुदत १४ वर्षे होती, अमेरिकेत १७.

कोण होते भिसे?

जन्म २९ एप्रिल १८६७, मुंबई. यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण नाही. ‘सायंटिफिक अमेरिकन’ हे मासिक वाचून ते यंत्रे शिकले. वाण्याच्या दुकानात माल आपोआप वजन करून देणाऱ्या यंत्राच्या रचनेसाठी त्यांनी एका ब्रिटिश नियतकालिकाची स्पर्धा जिंकली आणि विलायतेची वाट मोकळी झाली. लंडनमध्ये दादाभाई नौरोजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. स्वयंपाकघरातली साधने, आपोआप पाणी सोडणारे शौचालय, विजेवर चालणारे जाहिरातीचे फलक असे कितीतरी शोध त्या काळातले. म्हणजे आज लोक भिंतीवर लावतात, त्याच जातीच्या वस्तू.

अडले कुठे?

त्यांचा जीव मात्र छपाईत होता. त्या काळी पुस्तक छापायचे तर शिशाचे खिळे ओतावे लागत आणि हे काम संथ होते. भिसेंचे ‘भिसोटाइप’ मिनिटाला सुमारे १,२०० खिळे ओतू शकेल, असा त्यांचा दावा होता. प्रस्थापित यंत्रांच्या कितीतरी पट हा वेग. पण कागदावरचे यंत्र कारखान्यात आणायला भांडवल लागते. नौरोजी आणि ब्रिटिश समाजवादी नेते हेन्री हिंडमन यांनी खटपट करूनही ते उभे राहिले नाही. १९०८ च्या अखेरीस भिसे हात हलवत मुंबईला परतले.

गोपाळ कृष्ण गोखले यांच्या ओळखीतून पुढे सर रतन टाटा यांचे पाठबळ मिळाले. १९१० मध्ये ‘टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट’ निघाले आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. यंत्र बाजारात पाय रोवण्याआधीच पहिले महायुद्ध पेटले आणि सिंडिकेट गुंडाळले गेले. इथे एक तांत्रिक बाब लक्षात घ्या. पैसा येवो न येवो, पेटंटची मुदत चालूच राहते. यंत्र रखडले की हक्काची वर्षे वाया जातात. भिसेंची अशी किती वर्षे भांडवलाच्या शोधात गेली, हे वाचताना चुटपुट लागते.

ते अमेरिकेत गेले आणि पन्नाशीत पुन्हा सुरुवात केली. नवी टाइप-यंत्रे केली, त्यांची पेटंटे घेतली, न्यूयॉर्कमध्ये कंपनी काढली. शेवटी पैसा मिळाला तो यंत्रातून नव्हे, तर आयोडीनच्या एका औषधातून! १९३० मध्ये त्यांची थॉमस एडिसनशी भेट झाली. ‘भारताचे एडिसन’ ही उपाधी त्याआधीच त्यांना चिकटली होती. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे आराखडे लावता येतील?

हो. मुदत केव्हाच संपली आहे. ‘गूगल पेटंट्स’वर भिसे हे आडनाव इंग्रजी स्पेलिंगने शोधा, शेवटी ‘ई’ आणि ‘वाय’ येतो. टाइप-यंत्राची शीट डाउनलोड करा आणि जाड, मॅट कागदावर प्रिंट काढा. चकचकीत कागदावर बारीक रेषा उजेडात दिसत नाहीत. फ्रेम करताना कडा कापू देऊ नका, शोधकाचे नाव तिथेच असते.