फ्रेडी मर्क्युरी

फ्रेडी मर्क्युरी (मूळ नाव : फरोख बोमी बलसारा, जन्म : स्टोन टाउन, झांझिबार, ५ सप्टेंबर १९४६, मृत्यू : लंडन, २४ नोव्हेंबर १९९१) हे पारशी कुटुंबात जन्मलेले ब्रिटिश गायक, गीतकार आणि पियानोवादक होते. 'क्वीन' या रॉक बँडचे प्रमुख गायक म्हणून ते जगभर ओळखले जातात. त्यांच्या बालपणाची सुमारे आठ वर्षे महाराष्ट्रात, सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे गेली. हजारो श्रोत्यांना आपल्याबरोबर गायला लावणारे गायक ही त्यांची विशेष ख्याती होय. त्यांच्या जाहीर कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रित अल्बम आजही ऐकले जातात.

== कुटुंब आणि बालपण ==
बलसारा हे आडनाव गुजरातमधील बलसाड (आजचे वलसाड) या गावावरून आलेले आहे. वडील बोमी बलसारा हे झांझिबारमध्ये ब्रिटिश सरकारच्या सेवेत रोखपाल होते. आईचे नाव जेर, तर धाकट्या बहिणीचे काश्मिरा. कुटुंब जरथुष्ट्री धर्माचे पालन करणारे होते आणि फरोख यांची नवजोतही झाली होती.

वयाच्या आठव्या वर्षी त्यांना पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठविण्यात आले. तेथे सहाध्यायी त्यांना 'फ्रेडी' म्हणू लागले आणि पुढे घरच्यांनीही तेच नाव स्वीकारले. पियानोचे शिक्षण, शाळेचा गायकवृंद आणि नाटके यांत ते रमले. बाराव्या वर्षी त्यांनी वर्गमित्रांसह 'द हेक्टिक्स' हा बँड स्थापन केला. त्यात ते मुख्य गायक नव्हते, तर पियानो वाजवीत. पाश्चात्त्य गाणे एकदा ऐकून पियानोवर उतरविण्याचे कौशल्य त्यांना याच वयात साधले होते. लता मंगेशकर यांच्या गायनाचाही त्यांच्यावर या काळात संस्कार झाल्याचे त्यांचे चरित्रकार नोंदवितात.

== इंग्लंडमध्ये स्थलांतर ==
१९६३ मध्ये ते झांझिबारला परतले. पुढच्याच वर्षी जानेवारीत तेथे रक्तरंजित क्रांती झाली आणि बलसारा कुटुंबाला देश सोडावा लागला. ते लंडनजवळच्या फेल्टम येथे स्थायिक झाले. फ्रेडी यांनी ईलिंग कला महाविद्यालयातून १९६९ मध्ये आरेखनकलेची पदविका घेतली. काही काळ त्यांनी ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासह केन्सिंग्टन बाजारात जुन्या कपड्यांची विक्रीही केली.

== 'क्वीन'ची स्थापना ==
१९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर त्यांनी नवा बँड उभा केला. 'क्वीन' हे नाव त्यांनीच सुचविले. याच सुमारास त्यांनी 'मर्क्युरी' हे आडनाव घेतले. बँडचे बोधचिन्हही त्यांनी स्वतः रेखाटले. त्यात चारही सदस्यांच्या राशींची चिन्हे आहेत. १९७१ मध्ये बास गिटारवादक जॉन डीकन आल्यावर समूह पूर्ण झाला आणि तो अखेरपर्यंत तसाच राहिला.

बँडच्या सुरुवातीच्या संगीतावर हार्ड रॉक आणि हेवी मेटल यांची दाट छाया होती. १९७४ च्या 'शीअर हार्ट अटॅक' या अल्बममधील 'स्टोन कोल्ड क्रेझी' हे गीत पुढच्या काळातील वेगवान मेटल संगीताचे पूर्वरूप मानले जाते. 'मेटॅलिका' या बँडने ते पुन्हा गायिले आणि त्याला १९९१ चा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९७५ मधील 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ही सुमारे सहा मिनिटांची रचना मर्क्युरी यांची. ब्रिटनच्या गीतक्रमवारीत ती सलग ९ आठवडे पहिल्या स्थानी होती.

== जाहीर कार्यक्रम आणि लाइव्ह अल्बम ==
खालचा भाग नसलेला मायक्रोफोनचा दांडा हातात घेऊन रंगमंचभर वावरणे ही मर्क्युरी यांची खूण होती. श्रोत्यांशी स्वरांचे सवाल-जवाब करणे हाही त्यांच्या कार्यक्रमाचा नेहमीचा भाग असे.

'लाइव्ह किलर्स' हा बँडचा पहिला लाइव्ह अल्बम. १९७९ च्या जानेवारी ते मार्च या महिन्यांतील युरोप दौऱ्यात त्याचे ध्वनिमुद्रण झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो दोन तबकड्यांच्या संचात प्रसिद्ध झाला. स्टुडिओत आवाजांवर आवाज चढवून तयार केलेले संगीत चौघांनी रंगमंचावर कसे सादर करावे, ही अडचण या अल्बममध्ये स्पष्ट दिसते. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा ऑपेरासदृश मधला भाग प्रत्यक्ष गाणे शक्य नसल्याने तो फितीवरून वाजविला जाई व त्या वेळी चौघेही रंगमंचावरून निघून जात. याउलट 'लव्ह ऑफ माय लाइफ' हे गीत केवळ गिटारच्या साथीने, श्रोत्यांच्या सामूहिक गायनासह ऐकू येते. अल्बमच्या ध्वनिमिश्रणाबाबत बँडचे सदस्य मात्र असमाधानी राहिले.

१३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमात क्वीनने सुमारे वीस मिनिटे सादरीकरण केले. रॉक संगीतातील सर्वोत्तम सादरीकरणांत त्याची गणना होते.

१९८६ चा 'मॅजिक' दौरा मर्क्युरी यांचा अखेरचा ठरला. बुडापेस्ट येथे त्यांनी तळहातावर शब्द लिहून घेऊन हंगेरियन लोकगीत गायिले. ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे त्यांनी क्वीनसह शेवटचा कार्यक्रम केला. त्या वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या 'लाइव्ह मॅजिक' या अल्बममध्ये अनेक गीते कापून लहान करण्यात आली होती, त्यामुळे त्यावर टीका झाली. १२ जुलै १९८६ चा वेम्बली येथील कार्यक्रम 'लाइव्ह अ‍ॅट वेम्बली '८६' या नावाने मे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते हयात नव्हते.

== आजार आणि मृत्यू ==
१९८७ मध्ये त्यांना एड्स झाल्याचे निदान झाले. प्रकृती खालावत असतानाही ते स्टुडिओत गात राहिले. स्पॅनिश ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्यासमवेतचा 'बार्सिलोना' हा अल्बम १९८८ मध्ये आला. आजाराविषयी त्यांनी दीर्घकाळ मौन पाळले आणि २३ नोव्हेंबर १९९१ रोजी निवेदनाद्वारे तो जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी एड्समुळे उद्भवलेल्या न्यूमोनियाने, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यांचे लंडनमधील राहत्या घरी निधन झाले. अंत्यविधी जरथुष्ट्री धर्मगुरूंनी केला आणि त्यानंतर पार्थिवाचे दहन करण्यात आले.

== वारसा ==
२० एप्रिल १९९२ रोजी वेम्बली येथे त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला. त्यात 'मेटॅलिका', 'गन्स एन' रोझेस' आणि 'ब्लॅक सबाथ'चे गिटारवादक टोनी आयोमी यांचा सहभाग होता. त्यातून एड्सविरोधी कार्यासाठी 'मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट' उभा राहिला. स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे १९९६ मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. २०१८ मध्ये त्यांच्या जीवनावर आधारित 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील भूमिकेसाठी रामी मालेक यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा ऑस्कर पुरस्कार मिळाला.