विष्णुबुवांची संस्थाबांधणी

बडोदे संस्थानात गवई-बजवय्यांचे एक स्वतंत्र खाते होते. त्याला कलावंत कारखाना म्हणत. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा माझे वडील ऐन विशीत होते आणि दरबारच्या चाकरीत त्यांची उणीपुरी दोन वर्षे झाली होती. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबार गेल्यावर गवयाने पोट कशावर भरावे, ही चिंता आमच्या घरात जेवणाच्या पानावरसुद्धा ऐकू येई. कै. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी या चिंतेचे उत्तर त्याआधीच पन्नास वर्षे देऊन ठेवले होते, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. बुवांच्या गायकीवर आजवर विपुल लिहिले गेले आहे. त्यांनी माणसे कशी जोडली, पैसा कसा उभारला आणि शिष्यांना पायावर कसे उभे केले, याकडे मात्र आपले लक्ष कमी गेले आहे.

बुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाचा स्फोट होऊन मुलाचे डोळे अधू झाले. शाळेचे शिक्षण थांबले आणि उपचारासाठी आणलेला मुलगा मिरजेस गाणे शिकू लागला. गुरू लाभले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणारा पुरुष. मिरजेच्या अधिपतींचा आश्रय होता, शिक्षणही कसून चालले होते. पण गवयाला समाजात मान किती, हा काटा मनात सलत होता. गावच्या एका समारंभाला संस्थानच्या मर्जीतले म्हणून आपल्याला बोलावणे आले आणि इतर गवयांना कोणी विचारलेही नाही, हे पाहून त्यांचे मन उडाले, अशी हकिगत सांगतात. १८९६ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांनी मिरज सोडली.

पुढे औंध, सातारा करीत ते आपल्या बडोद्यास आले, इथून काठेवाडात गेले. राजकोटास त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. आज यात नवल वाटणार नाही. त्या काळी मात्र गवयाने दिवाणखान्यात गावे, बिदागी घ्यावी आणि मुजरा करून निघावे, हीच रीत होती. तिकिटाने ती रीत मोडली. चार आणे देऊन खुर्चीवर बसणारा कारकून हाही आता गाण्याचा आश्रयदाता झाला. एका धन्याची मर्जी गेली की घर बसते. शेकडो धनी असले म्हणजे एकाच्या रुसण्याने चूल विझत नाही. पेढीवरच्या कोणाही जाणत्या माणसाला हा हिशेब पटेल.

५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय उघडले. संगीताची ती पहिली शाळा, असे पुष्कळदा लिहिले जाते. बडोदेकरांना हे पटणार नाही, कारण मौलाबक्षांची गायनशाळा सयाजीराव महाराजांनी इथे १८८६ सालीच सुरू केली होती. लाहोरच्या शाळेचे वेगळेपण तिच्या तिजोरीत होते. फी, जलशांचे उत्पन्न आणि लोकांच्या देणग्या यांवर तिचा मुख्य भार होता. राजेरजवाड्यांनी दिलेले दानही बुवा घेत, पण शाळा कोणाच्या पदरी बांधलेली नव्हती. आरंभीच्या दिवसांत विद्यार्थी फिरकेनात, तेव्हा बुवा ठरल्या वेळी शाळा उघडून एकटेच तंबोरा घेऊन बसत, असे म्हणतात. मग हळूहळू वर्ग भरले. स्त्रियांसाठीही वर्ग निघाले. स्वरलिपी बसविली, क्रमिक पुस्तके लिहिली, ती छापण्यास स्वतःचा छापखाना घातला. वाद्ये तयार करण्याचा व दुरुस्तीचा कारखाना काढला, १९०५ साली संगीतामृतप्रवाह हे मासिक सुरू केले. एकाच शाळेभोवती पाच-सहा धंदे उभे राहिले आणि प्रत्येक दुसऱ्याला पोशी.

या साऱ्याचा कणा होता उपदेशक वर्ग. होतकरू मुलांना जेवण-राहणे देऊन शिकवायचे. त्यांनी नऊ वर्षे विद्यालयात राहण्याचा करार लिहून द्यायचा. दिवसाचे वेळापत्रक काटेकोर, वेश ठरलेला, वागणे नेटके. मुले पुढच्या इयत्तेत शिकत आणि मागच्या इयत्तेला शिकवीत. कार्यक्रमाची तिकिटे विकणे, सतरंज्या अंथरणे, हिशेब लिहिणे हेही त्यांनाच करावे लागे. बुवांची शिस्त कडक होती, ती सर्वांना सोसली असे नाही. घराण्यातल्या बुजुर्गांचा आक्षेप होता की वर्गात बसवून गवई होत नसतो. तो आक्षेप खोटा नव्हता. पण बुवांना केवळ गवई हवे नव्हते. चांगले ऐकणारा समाज आणि त्याला शिकविणारा शिक्षकवर्ग त्यांना घडवायचा होता.

मी शिकवणीसाठी सुरतेस लिंबायत भागात जातो. तिथे खानदेशातून आलेली मराठी घरे पुष्कळ. कोणी मागावर, कोणी रंगाईच्या मिलमध्ये, कोणी साडीच्या बाजारात. एका मुलीचे वडील मुकादम आहेत. त्यांची तक्रार अशी की कारागीर शिकवून तयार करावा आणि त्याने शेजारच्या कारखान्यात निघून जावे. मग शिकवावे तरी कशाला? मी त्यांना उपदेशक वर्गाची गोष्ट सांगितली. बुवांचे शिष्यही गेलेच. पण जाण्यासाठीच ते तयार केले होते, म्हणून त्यांच्या जाण्याने काम वाढले. त्यांची मुलगी गांधर्व मंडळाच्या परीक्षेचा अर्ज भरते, हे त्याच जाण्याचे फळ.

१९०८ साली बुवांनी मुंबईस विद्यालय काढले आणि पुढे सँडहर्स्ट रोडवर स्वतःची मोठी इमारत बांधली. इथे मात्र त्यांचा हिशेब चुकला, असे मला स्पष्ट वाटते. इमारत कर्जावर उभी होती आणि कर्ज फिटायचे ते बुवांच्या जलशांतून. शिकवण्याचा भार त्यांनी अनेक खांद्यांवर वाटला होता. कर्जाचा भार स्वतःच्या एका गळ्यावर ठेवला. पुढे मन रामनामाकडे ओढले, १९२२ च्या सुमारास नाशिकला रामनाम आधार आश्रम झाला, आणि मिळकत आटली. १९२४ साली इमारतीचा लिलाव झाला. आयुष्याची कमाई डोळ्यांदेखत गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांनी देह ठेवला.

पण जे लिलावात निघू शकत नव्हते ते शिल्लक राहिले. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गाणे शिकवीत होते. बी. आर. देवधरांनी मुंबईत १९२५ सालीच आपली शाळा काढली होती. कुमार गंधर्व पुढे तिथेच शिकले. बुवा गेले त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेस गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. १९३२ साली विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यास विद्यालय उघडले. भडोचला शाळा चालविलेले ओंकारनाथ ठाकूर १९५० साली काशीच्या हिंदू विश्वविद्यालयातील संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले.

बुवा गेले तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. बापाने मागे घर ठेवले नव्हते की ठेव ठेवली नव्हती. बापाची गायकीही त्याच्या हाती जेमतेम आलेली. ती त्याला विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास या बापाच्या शिष्यांनी दिली. १९३५ साली चौदा वर्षांचा हा मुलगा जालंधरच्या हरवल्लभ संगीत मेळ्यात गायला, आणि पुढे द. वि. पलुसकर या नावाने घराघरांत पोचला. १९५५ साली चौतिसाव्या वर्षी तोही गेला, ध्वनिमुद्रिका राहिल्या. त्या ऐकताना मला बुवांच्या जमाखर्चाची आठवण होते. सावकाराचे देणे त्यांना फेडता आले नाही. शिष्यांकडे जे ठेवले होते, ते मात्र त्यांच्या मुलाला पुरतेपणी परत मिळाले.