लोणावळ्याच्या या स्वामींनी योगाला एक्स-रे मशीनसमोर उभं केलं होतं

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज अधूनमधून येतोच. हे आसन करा, हृदयातलं ब्लॉकेज विरघळेल. खाली हात जोडलेले चार इमोजी. गंमत म्हणजे योगाबद्दलचे असले दावे मशीन लावून तपासायचं काम शंभर वर्षांपूर्वी आपल्या लोणावळ्यात सुरू झालं होतं. आणि ते करणारा माणूस योगाचा विरोधक नव्हता, स्वतः स्वामी होता.

मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, गुजरातमधल्या डभोईचा. संस्कृतात हुशार. बडोद्यात राजरत्न माणिकरावांकडे व्यायामाचे धडे घेतले, नंतर खानदेशात अमळनेरला राष्ट्रीय विचारांच्या कॉलेजात शिकवलं. नर्मदेकाठी मालसरला परमहंस माधवदासजी गुरू म्हणून लाभले आणि गुण्यांची गाडी योगाकडे वळली. पुढे जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणू लागलं.

गुरूंवर श्रद्धा होती, पण शरीरात नेमकं काय होतं हा प्रश्न त्यांना गप्प बसू देईना. १९२० च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या दवाखान्यात उड्डियान आणि नौली करणाऱ्यांचे एक्स-रे काढले. १९२४ च्या दसऱ्याला लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं. आश्रम म्हणा किंवा प्रयोगशाळा. निष्कर्ष छापायला त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही निघालं.

नौली करताना आतड्यातला दाब त्यांनी मोजला. तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला, म्हणजे बस्ती करताना पाणी वर खेचलं जातं ते याच पोकळीमुळे. तिला त्यांनी गुरूंचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम.

प्राणायामाची गोष्ट तर आजही अनेकांना पचणार नाही. प्राणायामाने भरपूर ऑक्सिजन मिळतो असा समज तेव्हाही होता. कुवलयानंदांनी मोजलं आणि तसं काही होत नाही असं खुशाल छापलं. प्राणायामाचा फायदा त्यांना मान्यच होता, फक्त त्याचं लोकप्रिय कारण चुकीचं होतं. स्वतःच्याच दुकानातल्या मालाबद्दल असं सांगायला हिंमत लागते.

वेगवेगळ्या आसनांत रक्तदाब किती चढतो, हेही त्यांनी मोजलं. मार्च १९२७ मध्ये दौऱ्यावर असताना गांधीजींची तब्येत रक्तदाबामुळे ढासळली, तेव्हा आसनांबद्दल त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार झाला. रक्तदाब काही कायमचा गेला नाही. पुढच्या दशकातही त्याने गांधीजींना सतावलं.

आता ब्लॉकेजकडे येऊ. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला की हृदयाच्या धमन्यांचं आतलं अस्तर दुखावतं. तिथे कोलेस्टेरॉल साचतं, सूज येते आणि थर तयार होतो, तो प्लाक. तंबाखू आणि मधुमेह त्यात भर घालतात. पण बहुतेक अटॅक येतो तो थर फाटल्यावर. फाटलेल्या जागी रक्ताची गुठळी होते, धमनी बंद पडते आणि पुढचा स्नायू मरायला लागतो. रक्तदाब, ताण, वजन यांवर नियमित योगाचा थोडाफार उपयोग होऊ शकतो, औषधांच्या जोडीने. बसलेली गुठळी मात्र कुठल्याच आसनाने विरघळत नाही.

ती विरघळवणाऱ्या औषधाची कहाणी योगायोगाने त्याच काळातली. १९३३ मध्ये अमेरिकेत विल्यम टिलेट यांनी दाखवलं की स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंपासून निघणारा एक पदार्थ गुठळी विरघळवतो. तेच स्ट्रेप्टोकायनेज. तेव्हा कुवलयानंद पन्नाशीत होते, मुंबईतही त्यांचं काम सुरू झालं होतं. १९५० च्या दशकात हे औषध हार्ट अटॅकच्या पेशंटना देऊन पाहिलं गेलं. १९६१ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामचं योग रुग्णालय सुरू झालं आणि १८ एप्रिल १९६६ ला कुवलयानंद गेले.

स्ट्रेप्टोकायनेजचा ठोस पुरावा मिळायला आणखी वीस वर्षं लागली. १९८६ मध्ये इटलीत अकरा हजारांहून जास्त पेशंटवरच्या चाचणीचे निकाल आले. औषध मिळालेल्यांमध्ये मृत्यू कमी होते, आणि पहिल्या तासात मिळालेल्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला होता.

मावळातल्या एखाद्या वाडीसाठी हा तासच महत्त्वाचा. अँजिओप्लास्टीसाठी मोठ्या हॉस्पिटलला दोन तासांत पोचणं शक्य नसेल, तर ईसीजी बघून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच देता येतं, शक्य तितकं लवकर आणि फार तर बारा तासांच्या आत. नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन गेला असेल तर ते सहसा देत नाहीत, म्हणून तो निर्णय डॉक्टरांचा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, असं काही झालं तर १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत निघू नका.