पडद्याआडच्या अशिलांची वकील : कॉर्नेलिया सोराबजी

नाशिक येथे १५ नोव्हेंबर १८६६ रोजी जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची ओळख ऑक्सफर्ड विद्यापीठात कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री अशी सांगितली जाते. ही ओळख खरी आहे, पण अपुरी आहे. त्यांच्या आयुष्याची सुमारे वीस वर्षे बंगाल, बिहार, ओडिशा आणि आसाममधील जमीनदार घराण्यांच्या जनानखान्यांत गेली. वकिलाची फी देणे तर दूरच, वकिलासमोर तोंड उघडण्याचीही मुभा नसलेल्या स्त्रिया तेथे त्यांच्या अशील होत्या.

वडील सोराबजी खरसेदजी हे पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा चालवली. कॉर्नेलिया यांचे बालपण बेळगाव आणि पुण्यात गेले. कारभाऱ्याने कागदावर सही घेऊन फसवलेली एक श्रीमंत विधवा लहानपणी आपल्या आईकडे मदत मागण्यासाठी आली होती आणि तेव्हाच कायदा शिकण्याचे मनात रुजले, अशी आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली. डेक्कन महाविद्यालयातून पदवी परीक्षेत त्या अव्वल आल्या. या यशाबरोबर येणारी इंग्लंडमधील शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ती मात्र केवळ स्त्री असल्यामुळे त्यांना नाकारण्यात आली. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात महाविद्यालयात अध्यापन केले. दरम्यान इंग्लंडमधील हितचिंतकांनी निधी उभारला; त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही वाटा होता. १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या आणि १८९२ मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाल्या. विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देण्यास सुरुवात केली ती १९२० मध्ये.

भारतात परतल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठाची कायद्याची पदवी आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा या दोन्ही पायऱ्या ओलांडल्या. सनद मिळाली नाही. संस्थानी न्यायालयांत विशेष परवानगीने उभे राहण्याची संधी तेवढी अधूनमधून मिळे. अशाच एका खटल्यात आपण चक्क एका हत्तीच्या खुराकाच्या हक्कासाठी उभ्या राहिलो होतो, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. किस्सा गमतीचा आहे खरा. पण स्वतःची बाजू स्वतः मांडू न शकणारा अशील ही त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचीच खूण म्हणावी लागेल.

त्या काळच्या दिवाणी व्यवस्थेत गरिबासाठी एक दार होते. न्यायालयाचे शुल्क भरण्याची ऐपत नसलेल्यास नादार म्हणून दावा दाखल करता येई. शुल्क माफ होई, पण त्याबरोबर वकील मिळत नसे. पडदानशीन विधवेची अडचण आणखी निराळी होती. कागदोपत्री तिच्या नावे गावेच्या गावे असत, त्यामुळे ती नादार ठरणे कठीण. प्रत्यक्षात मात्र किल्ल्या दिवाणाच्या किंवा दिराच्या कमरेला, आणि पोटगीची रक्कमही त्यांच्याच मर्जीवर. परपुरुषासमोर न येण्याच्या रूढीमुळे वकिलाशी बोलणे मध्यस्थामार्फतच होई आणि तो मध्यस्थ पुष्कळदा प्रतिपक्षाचाच माणूस असे. अंगठा कोणत्या दस्तऐवजावर उमटला, हे तिला कळण्याचा मार्ग नव्हता. न्यायालयांनी या स्त्रियांना काही संरक्षण दिले होते. पडदानशीन स्त्रीने दस्तऐवज समजून-उमजून करून दिला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याचा लाभ घेणाऱ्यावर होती. तथापि हे संरक्षण उपयोगी पडे ते प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचल्यावर.

अल्पवयीन वारस आणि विधवांच्या जमीनदाऱ्यांचा कारभार सरकारतर्फे ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ पाहत असे. त्याचे अधिकारी पुरुष असल्याने त्यांनाही उंबरठ्यापलीकडे प्रवेश नव्हता. या कामी स्त्री कायदेपंडित नेमावी, यासाठी कॉर्नेलिया यांनी सरकारदरबारी पाठपुरावा केला आणि १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नियुक्ती झाली. पालखी, होडी, हत्ती, मिळेल त्या वाहनाने त्या फिरत. दत्तकाचे वाद, पोटगीची थकबाकी, मुलांचे शिक्षण, सासू-सुनांचे वर्षानुवर्षांचे वैर, असे सगळेच त्यांच्यापुढे येई. कित्येक प्रकरणे दावा दाखल होण्याआधीच त्यांनी मिटवली. या वर्षांत त्यांनी सुमारे ६०० स्त्रिया आणि अनाथ मुलांना मदत केल्याचा अंदाज आहे. अनेकदा त्यांनी मोबदलाही घेतला नाही.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने अखेर १९२१ मध्ये त्यांची नोंदणी केली. १९२३ च्या कायद्याने देशभरातील स्त्रियांना वकिलीचे दार उघडले, तेव्हा त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या. पुढे कोलकात्यात त्यांनी वकिली केली; पण पूर्वग्रह तसाच होता आणि बरेचसे काम प्रकरणांवर लेखी अभिप्राय देण्यापुरते राहिले.

त्यांची राजकीय मते आजच्या वाचकाला खटकतील, आणि ती झाकण्याचे कारण नाही. ब्रिटिश राजवटीवर त्यांचा विश्वास होता. गांधीजींच्या चळवळीला त्यांनी विरोध केला आणि १९२७ मध्ये गाजलेल्या कॅथरिन मेयो यांच्या भारतविरोधी पुस्तकाची पाठराखणही केली. ज्या सुधारकांच्या साथीने त्यांचे काम वाढले असते, तेच त्यामुळे दुरावले. पडदा हटवण्यापेक्षा पडद्याआडच्या स्त्रीपर्यंत कायदा नेणे त्यांना अधिक तातडीचे वाटत होते. यात दूरदृष्टी किती आणि रूढीशी तडजोड किती, यावर अभ्यासकांत एकमत होणे अवघड आहे. निवृत्तीनंतर त्या लंडनला स्थायिक झाल्या आणि ६ जुलै १९५४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

मोफत विधी साहाय्याचे तत्त्व १९७६ मध्ये घटनेच्या अनुच्छेद ३९-अ द्वारे मार्गदर्शक तत्त्वांत आले. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. या कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत साहाय्यास पात्र व्यक्तींची यादी आहे. इतर नागरिकांना उत्पन्नाची मर्यादा लागू होते. स्त्रिया आणि बालकांना ती लागू नाही. घरात सुबत्ता असली तरी बाईच्या हाती दावा लढण्याइतका पैसा असेलच असे नाही, हे कॉर्नेलिया यांनी जनानखान्यांत पाहिलेले वास्तव या तरतुदीत कायद्याने गृहीत धरलेले दिसते. पोटगी, वारसाहक्क वा घराचा ताबा अशा दिवाणी वादासाठीही कोणतीही स्त्री जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करू शकते. त्यासाठी राष्ट्रीय मदतवाणीचा क्रमांक १५१०० आहे.