थोर गोलंदाज बाळू पालवणकर

क्रिकेट आपल्या सर्वांना आवडते. पण फार पूर्वी पालवणकर नावाचे चार भाऊ मोठे क्रिकेट खेळाडू होते, हे पुष्कळांना माहीत नाही. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल अशी त्यांची नावे. बाळू सर्वांत थोरले.

बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. मूळ गाव कोकणातले पालवण. ते चर्मकार समाजातले होते. त्या काळी लोक या समाजाची शिवाशिव पाळत. वडील पुण्याला लष्करात नोकरीला होते. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर ही मुले खेळायला शिकली.

बाळू पुण्यात पारशी लोकांच्या क्लबात मैदान झाडायचे. पगार महिना ३ रुपये. नंतर ते गोऱ्या साहेबांच्या क्लबात लागले. तिथे रोलर फिरवायचा, जाळी लावायची आणि साहेबांना बॉल टाकायचे. ते डाव्या हाताने अगदी हळू बॉल टाकायचे, पण तो पडला की गर्रकन वळायचा. त्यांना बॅट मात्र कोणी हातात देत नसे.

पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांना हरवायचे होते. म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानात सगळे एकाच बॉलला हात लावत. पण चहाची सुट्टी झाली की बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे. बॉल चालतो मग कप का नाही चालत?

नंतर बाळू मुंबईला गेले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. त्यात बाळूंनी ८ बळी घेतले. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराज कप्तान होते. आपला संघ पुष्कळ सामने हरला, पण बाळूंनी एकट्याने शंभराहून जास्त बळी घेतले.

एवढे मोठे खेळाडू, तरी हिंदू संघाने त्यांना कधीच कप्तान केले नाही. कारण फक्त जात. १९२० साली बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी आम्ही खेळणार नाही असे सांगितले. मग बाळूंना परत बोलावून उपकप्तान केले. शेवटी १९२३ साली धाकटे भाऊ विठ्ठल कप्तान झाले आणि त्यांनी युरोपियन संघाला हरवले. तेव्हा लोकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतले. जे थोरल्या भावाला मिळाले नाही ते धाकट्याला मिळाले.

पुढे १९३७ साली बाळू निवडणुकीला उभे राहिले. समोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. बाळू हरले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आपल्या शाळेत पाण्याचा माठ एकच आहे आणि सगळे त्यातलेच पाणी पितात. बाळूंच्या वेळी असे नव्हते. म्हणून आपण खेळताना कोणाची जात बघू नये, फक्त खेळ बघावा.

इयत्ता ४ थी